कोरियाची खुर्ची

तलवार हा योद्ध्याचा आत्मा असतो. हे वचन आमच्या घरी आलं ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेलं. खोक्यात अंगठ्याएवढे डझनभर जपानी सामुराई होते. धातू मऊ असल्यामुळे टपालातून येताना निम्म्या आत्म्यांना बाक आला होता. माझ्या नवऱ्याने ते एकेक करून चिमटीत धरून सरळ केले. सरळ करताना दोन तुटले, त्यांना त्याने मागच्या रांगेत उभं केलं.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. आम्ही साउथहॅम्प्टनला राहत होतो. नवरा बंदरातल्या कंटेनरांचं सॉफ्टवेअर लिहायचा. कुठला कंटेनर कुठल्या कंटेनरवर चढवायचा हे त्याचं सॉफ्टवेअर ठरवायचं. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने त्याला एका क्लबात नेलं. तिथे शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मोठी माणसं जमून टेबलांवर छोट्या सैन्यांच्या लढाया लढत. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं, सैन्य तेवढं पुढे सरकवायचं आणि मग चहा प्यायचा. निवृत्त बसड्रायव्हर होते, दातांचे डॉक्टर होते, इन्कमटॅक्सवाले होते. कोणी कोणाला सेनापती म्हणत नसे, पण म्हटलं असतं तर कोणाची हरकत नसती. मी एकदा बघायला गेले, आणि या देशाने जगावर राज्य कसं केलं आणि ते का गेलं, हे दोन्ही मला एकाच दुपारी कळलं.

नवऱ्याने जपान निवडला तो रंगांसाठी. प्रत्येक शिपायाच्या पाठीवर निशाण, प्रत्येक सरदाराच्या शिरस्त्राणावर शिंगं नाहीतर चंद्रकोर. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून तो बारीक ब्रशाने तासन्‌तास ती रंगवायचा. अडचण अशी होती की क्लबात सगळ्यांकडे रोमन नाहीतर फ्रेंच सैन्य होतं, आणि जपानशी लढायला कोणी नव्हतं. एका गुरुवारी जेवण झाल्यावर त्याने मला विचारलं, की या लोकांशी खरं कोण लढलं होतं.

मी पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवत होते. इथे कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं होतं. लोकांनी परत आणलेली पुस्तकं मी जागेवर लावायची. कोणी मला काही विचारलंच तर टॉयलेट कुठे आहे हे विचारत. त्यामुळे नवऱ्याने तो प्रश्न विचारला तेव्हा मी दुसऱ्या गावांच्या लायब्रऱ्यांतून पुस्तकं मागवून त्याचं उत्तर दिलं. उत्तर होतं कोरिया, आणि ते मी पुढची दोन वर्षं देत राहिले.

सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानने कोरियावर स्वारी केली. त्याआधी जपानी सरदार शंभरेक वर्षं आपापसांत लढले होते, त्यामुळे त्यांच्या हाताला सवय होती. त्यांची रीत भिडायची. पोर्तुगीजांकडून आलेल्या बंदुकांनी आधी झोडायचं, मग लांब भाले, मग तलवार. खूप जुन्या काळी तर त्यांचा योद्धा म्हणे रणात पुढे येऊन आधी स्वतःचं नाव, कूळ आणि आजोबांचे पराक्रम सांगायचा, आणि मगच लढायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळात प्रमुख पाहुण्यांची ओळख अशीच करून देतात. फरक एवढाच, की तिथे नंतर मारामारी व्हायची. गंमत अशी की त्या जुन्या काळात जपानी योद्ध्याचं मुख्य हत्यारसुद्धा धनुष्यच होतं. तलवारीत आत्मा असल्याचा शोध मुख्यतः लढाया संपल्यावर, घरी बसून लागला.

कोरियनांनी मात्र धनुष्य सोडलं नाही. त्यांचं धनुष्य लहान, उलटं वळलेलं, आत पाणम्हशीचं शिंग लावलेलं. ती म्हैस त्यांच्या देशात मिळत नसे, म्हणून शिंग बाहेरून आणायचे. बाण फार लांब जायचा. भिंतीवरून मारायचा, टेकडीवरून मारायचा, जहाजावरून मारायचा. शत्रू जवळ आला म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलं, असं ते मानत. जमिनीवर सुरुवातीला या रीतीने त्यांचे फार हाल झाले, कारण बंदुका आणि भाले वाट बघत थांबत नाहीत. समुद्रावर उलटं झालं. जपानी जहाजं हलकी आणि चपळ. शेजारी यायचं, आकडे टाकायचे आणि तलवारी उपसून उड्या मारायच्या, हा त्यांचा बेत. कोरियन जहाजं जड, सपाट तळाची, जागच्या जागी वळणारी, आणि त्यांवर तोफा. ती शेजारी येऊच देत नसत. काही जहाजांवर तर कासवासारखं छप्पर होतं. ते लोखंडी होतं की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात, पण त्यावर खिळे होते याबद्दल एकमत आहे. उडी मारून येणाऱ्यासाठी.

मला कोरिया लगेच पटला.

मग दर गुरुवारी जेवण झालं की वर्तमानपत्र उचललं जायचं आणि टेबलवर निळी चादर पडायची. ती समुद्र. पलीकडे नवरा आणि जपान, अलीकडे भिंतीला लागून असलेल्या खुर्चीत मी आणि कोरिया. जहाजं मी स्वतः बाल्सा लाकडाची केली होती. माणसं रंगवायला सोपी, कारण कोरियन बहुतेक पांढऱ्या कपड्यांत. आठवड्यातल्या बाकीच्या संध्याकाळी आम्ही व्हिसाबद्दल बोलायचो, घरभाड्याबद्दल, त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल. गुरुवारी तो मला विचारायचा, "आता वारा कुठला धरायचा?" किंवा "खरंच एवढ्या लांब जायचा बाण?" आणि मी सांगत असे, आणि तो ऐकत असे. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या बाईला याहून जास्त काही हवं असतं असं मला वाटत नाही. निदान मला नव्हतं.

मग डॉक्टर आला.

गणपतीच्या कार्यक्रमात नवऱ्याला तो भेटला. तिशीचा, नागपूरचा, युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्यांच्या खात्यात नुकताच रुजू झालेला. बायको नागपुरात पुढचं शिकत होती, म्हणून हा एकटा होता आणि टोस्टवर जगत होता. नवऱ्याने त्याला गुरुवारी जेवायला बोलावलं. गुरुवारीच का, हे मी विचारलं. नवरा म्हणाला, त्या दिवशी त्याला सुट्टी असते. मी साबुदाणेवडे करायला घेतले.

घाणा चालू होता तोवर बाहेर दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, एक्झॉस्ट फॅन चालू होता. मधूनच नवरा हसला. नवरा हसतो, पण हे निराळं हसू होतं, पोटातून आलेलं. मी ते पुण्यात त्याच्या हॉस्टेलच्या मित्रांबरोबर ऐकलं होतं आणि ते तिथेच राहिलं असं समजून चालले होते. मी वड्यांची ताटली घेऊन बाहेर आले तर डॉक्टर माझ्या खुर्चीत बसला होता आणि माझी सगळी जहाजं किनाऱ्याला लागली होती.

"बसा नं वहिनी," तो न उठता म्हणाला. "तुमचं सैन्य मी सांभाळून राहिलो."

दुसरी खुर्ची बेडरूममध्ये होती. ती मी आणली आणि टेबलाच्या कडेला ठेवली, जिथे समुद्र संपत होता.

त्याने काय केलं होतं ते मला लगेच दिसलं. जहाजं किनाऱ्याला लावून त्याने सगळे खलाशी खाली उतरवले होते आणि माझ्या पुस्तकांवर हिरवं कापड टाकून केलेल्या डोंगरांत लपवले होते. मी म्हटलं, डॉक्टर, कोरियन आरमार असं लढत नव्हतं. तो म्हणाला, "गनिमी कावा आहे वहिनी. आपण थोडे, ते जास्त. डोंगरात येऊ द्यायचं त्यांना."

मराठी माणसाला लहानपणापासून एकच लढाई माहीत असते. मोठं सैन्य खिंडीत शिरतं आणि छोटं सैन्य वरून दगड टाकतं. चौथीच्या पुस्तकापासून मंडळाच्या नाटकापर्यंत तेच. त्याला समुद्र दिला, तोफा दिल्या, सपाट तळाची उत्तम जहाजं दिली, तरी तो आधी खिंड शोधतो. डॉक्टरला मी दोष देत नाही. पण नवऱ्याने काय करावं? समोर सामुद्रधुनी मोकळी पडलेली असताना त्याने आपलं सगळं जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरवलं आणि एकामागून एक त्या खिंडीत घातलं. कारण तोही मराठीच, आणि गोष्टीतलं मोठं सैन्य खिंडीत जातंच. डॉक्टरने वरून दगड म्हणून साबुदाण्याचे दाणे टाकले. दोघं इतके हसले, की शेजारच्या घरातल्या म्हातारीने भिंतीवर टकटक केली.

"काय खेळतो हा," नवरा मला म्हणाला. दोन वर्षांत माझ्या खेळाबद्दल त्याने जे सगळ्यात चांगलं म्हटलं होतं ते 'बरोबर आहे तुझं' हे होतं.

पुढच्या गुरुवारी तो आला, आणि त्याच्या पुढच्याही. त्याची पद्धत अशी होती की तो दारातूनच वास घ्यायचा आणि आज काय आहे ते ओळखायचा, आणि माझ्या हाताची तुलना त्याच्या आईच्या हाताशी करायचा. ज्या बाईची अशी तारीफ होते तिला पोळ्या गरम वाढाव्याच लागतात. मी तव्यापाशी असे आणि कोरिया त्याच्या ताब्यात जाई. नवरा दर वेळी म्हणायचा, "तू पण बस ना." त्या 'पण'वर मी पुढे बरेच दिवस जगले.

मला त्याचा हेवा वाटत होता हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरी बाई असती तर सोपं गेलं असतं. त्याला निदान लोकमान्यता आहे, मैत्रिणी येऊन बसतात, आई फोनवर रडते. पण एका भूल देणाऱ्या माणसाने माझी खुर्ची घेतली, हे मी कोणाला सांगणार होते? मी लायब्ररीत पुस्तकं लावताना त्याचा विचार करायची. त्याच्या हसण्याचा, त्याच्या ब्रशाचा. आता तो माझे कोरियन रंगवायलाही लागला होता. एकाला त्याने मिशा काढल्या. नवऱ्याला त्या फार आवडल्या.

मी माझ्या रीतीने लढत होते. लांबून. एकदा पोळीला तूप लावता लावता विचारलं, "डॉक्टर, तुमच्या हॉस्पिटलमध्ये खुर्च्या नसतात का हो?"

"नसतात नं वहिनी," तो म्हणाला. "ड्युटीवर उभंच राहावं लागते. म्हणून तर तुमच्याकडे येतो."

आणि त्याने आणखी एक पोळी घेतली. बाण त्याला लागला होता की नाही हे मला आजही माहीत नाही. नवऱ्याला तर बाण सुटलाय हेच कळलं नव्हतं. तो म्हणाला, "खरंच रे, फार राबवतात तुम्हा लोकांना." लांबून मारण्यात एवढीच अडचण आहे. पुस्तकांत ती लिहिलेली नसते.

वसंतात क्लबांचं वार्षिक प्रदर्शन असे. जवळच्या एका गावाच्या स्पोर्ट्‌स हॉलमध्ये निरनिराळ्या क्लबांची टेबलं मांडायची, प्रत्येकावर एक लढाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवायची आणि लोकांनी तिकीट काढून ती बघायची. त्या वर्षी आमच्या क्लबाने जपान-कोरिया मांडायचं ठरवलं, कारण दरवर्षी तेच फ्रेंच बघून लोक कंटाळले होते. नवऱ्याला फार आनंद झाला. मलाही झाला. सामुद्रधुनीचा नकाशा मी काढला, भरती-ओहोटीचा नियम मी बसवला, टेबलापुढे लावायचा माहितीचा फलक मी लिहिला. कोरियाच्या बाजूला कोण बसणार हे मी विचारलं नाही, कारण तो प्रश्न आहे असं मला वाटलं नव्हतं.

नवरा भांडी विसळत होता आणि मी पुसत होते तेव्हा तो म्हणाला, "अगं, तिकडे कोरिया त्यालाच देऊ या. त्याने त्या दिवशी सुट्टी मागून घेतलीये."

मी ताट पुसत राहिले.

"आणि तू लोकांना समजावून सांग," तो म्हणाला. "तुला सगळं माहितीच आहे."

"खुर्च्या किती असतात टेबलाला?"

"दोन. का?"

"काही नाही," मी म्हटलं. "ताट पुसून झालं."

त्याने नळ बंद केला आणि हात पुसत मला बरं वाटत नाही का असं विचारलं. मी म्हटलं, बरं वाटतंय. त्याने ते खरं मानलं. खरं बोलणाऱ्या माणसाशी लग्न केल्याचे काही तोटे असतात. तो दुसऱ्याचंही खरं मानतो.

प्रदर्शनाचं उद्‌घाटन त्या गावच्या उपमहापौरबाईंनी केलं. गळ्यात सोन्याच्या मुलाम्याची साखळी होती, आणि तिच्या वजनाने त्या थोड्या पुढे झुकून चालत. त्यांच्या दोन्ही बाजूंना सामुराईंचं चिलखत घातलेले दोन हौशी इंग्रज उभे होते. चिलखत त्यांनी स्वतः बनवलं होतं आणि त्यात बसता येत नव्हतं, त्यामुळे भाषण संपेपर्यंत ते अतिशय करारी दिसत होते. भाषणानंतर बाई टेबलं बघत आमच्यापाशी आल्या. मी फलकाशेजारी उभी होते. त्यांनी विचारलं, की शेवटी जिंकलं कोण? मी सांगितलं, की सात-एक वर्षं लढाई चालली, मग जपानचा सत्ताधीश घरी अंथरुणात वारला आणि सैन्य परत बोलावलं गेलं. बाईंना ते उत्तर फारसं आवडलं नाही. त्या रोमनांकडे गेल्या.

खेळ सुरू झाला. पंच म्हणून आमच्या क्लबातले निवृत्त बसड्रायव्हर होते. संध्याकाळी सामुद्रधुनी ज्याच्या ताब्यात तो जिंकला, हा नियम त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टर माझ्या जहाजांमागे बसला. टेबलाभोवती बरीच गर्दी होती. आणि त्याने पहिल्याच डावात सगळी जहाजं किनाऱ्याला लावली आणि माणसं डोंगरात चढवली.

त्याने नवऱ्याकडे बघितलं. घरी असता तर नवरा खिंडीत शिरला असता. पण इथे पंच होते, नियम होता, आणि पंधरा-वीस इंग्रज माणसं हाताची घडी घालून बघत होती. त्यातल्या एकाने अगदी नम्रपणे विचारलं, की जपानी तिकडे कशाला जातील? नवऱ्याने जहाजं सरळ मोकळ्या सामुद्रधुनीतून पलीकडे नेली. गनिमी काव्याला गनीमही आपलाच लागतो, हे डॉक्टरच्या लक्षात आलं नव्हतं. कोरिया डोंगरात बसून राहिला. दुपारचं जेवण व्हायच्या आत युद्ध संपलं, आणि हॉल बंद व्हायला अजून चार तास होते.

पंच म्हणाले, पुन्हा मांडा, लोकांनी तिकिटं काढली आहेत. नवरा जहाजं परत लावू लागला. डॉक्टर माझी जहाजं लावू लागला, उलटी, शेपटाच्या बाजूने पुढे. मी फलकाजवळून निघाले, टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले. इतकी जवळ, की त्याला मान वर करावी लागली.

"ऊठ," मी म्हटलं.

तो उठला. "चहा आणू का वहिनी?"

"आण. आणि घाई करू नकोस."

मी बसले. खुर्ची प्लॅस्टिकची होती आणि त्याने ती गरम करून ठेवली होती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टर गेला त्या दिशेने बघितलं, आणि मग मोजपट्टी उचलली.

मी जहाजं सरळ केली आणि जशी लावायची तशी लावली, कमानीत, सामुद्रधुनीच्या तोंडाशी. तो आला की मी मागे सरायची आणि मारायची. तो डावीकडून आला तर मी जागच्या जागी वळायची आणि मारायची. ओहोटी मीच बसवली होती, तिने माझ्या बाजूने काम केलं. त्याची पाच जहाजं बुडाली. गर्दीतले लोक माना डोलावत होते. आता त्यांना फलकावर लिहिलेलं दिसत होतं. पंचांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मला फार आनंद झाला होता आणि मी तो दिसू दिला नाही.

नवरा मात्र हसत नव्हता. सहावं जहाज उचलून बाजूला ठेवताना तो खाली बघत म्हणाला, "तू मला जवळच येऊ देत नाहीस."

आजूबाजूला मराठी कळणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "कोरियाची रीतच आहे ती."

"दोन वर्षं तेच चाललंय," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, ओहोटीची वेळ सांगावी तसा. "तुझं सगळं बरोबर असतं गं. पण माझी तुझ्याशी गाठच पडत नाही. तो चुकतो, पण त्याच्याशी खेळलं की निदान गाठ पडते."

मी फासे हातात धरून बसले. एका इंग्रजाने विचारलं, की आता कोणाची पाळी आहे.

माझी होती. माझ्याकडे कासवाच्या छपराचं एकच जहाज होतं. बाल्सा लाकडातून ते कोरायला मला एक महिना लागला होता आणि त्यावरचा एकेक खिळा म्हणजे कापलेली टाचणी होती. ते मी उचललं, कमानीतून बाहेर काढलं आणि थेट त्याच्या आकड्यांच्या टप्प्यात नेऊन ठेवलं. पंचांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. इतिहासाच्या दृष्टीने हा शुद्ध मूर्खपणा होता. असं करणाऱ्या कोरियन कप्तानाचं त्याच्याच लोकांनी डोकं उडवलं असतं.

नवऱ्याने फासे टाकले. त्याचे आकडे माझ्या जहाजाला अडकले. त्याने एकेक सामुराई चिमटीत धरून माझ्या जहाजावर चढवायला घेतला. टाचण्यांवर ते उभे राहीनात, घसरून समुद्रात पडत. तो पुन्हा उचलून ठेवायचा. त्याच्या बोटाला टाचणी लागली आणि रक्त आलं. "अगं, हे केलंयस काय," तो म्हणाला, आणि मग हसला. पोटातून. बोट तोंडात घालून हसत राहिला. मी तिथे बसून ते हसू ऐकलं, एक्झॉस्ट फॅन नव्हता, मध्ये भिंत नव्हती.

तेवढ्यात डॉक्टर चहा घेऊन आला, दोन कप. "अरे बघ," नवरा त्याला म्हणाला, "बघ, कसलं जहाज पकडलंय मी."

आधी त्याला सांगितलं. माझ्या जहाजाबद्दल, माझ्यासमोर, आधी त्याला. मला वाटलं होतं ते सगळं आता माझ्या अंगातून गेलं असेल. ते गेलं नव्हतं. डॉक्टरने एक कप नवऱ्याला दिला, दुसऱ्याकडे क्षणभर बघितलं आणि तो माझ्यापुढे ठेवला. त्यात साखर होती. मी साखर घेत नाही. मी तो सगळा प्यायले.

संध्याकाळी पंचांनी लढाई अनिर्णित असल्याचं जाहीर केलं. चिलखतवाल्या इंग्रजांपैकी एकाला तोवर झोपवून कोणीतरी कात्रीने बाहेर काढत होतं.

पुढच्या गुरुवारी बेडरूममधली खुर्ची नवऱ्याने स्वतः आणली आणि जपानच्या बाजूला ठेवली. डॉक्टर तिथे बसू लागला. ते दोघं आणि समोर मी. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या आणि निवल्या तरी तशाच खायच्या असं ठरलं, त्यावर डॉक्टरने काही तक्रार केली नाही. मी बऱ्याचदा जिंकायची, कधी मुद्दाम जवळ जायची आणि हरायची. ते दोघं कुजबुजून बेत करायचे, आणि तो कुजबुजण्याचा आवाज मला शेवटपर्यंत सहन झाला नाही. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तो काहीतरी सुचवायचा आणि मी तोफ डागायची. त्या उन्हाळ्यात मी त्याला इतक्या वेळा बुडवलं, की नवरा म्हणाला, तुझं त्याच्याशी काही भांडण आहे का. मी म्हटलं, कशाला असेल. त्याला शहरातून घालवण्याचे मार्ग मी मनातल्या मनात खूप शोधले होते. त्यातला एक तर त्याच्या बायकोला पत्र लिहिण्याचा होता, पण काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तो बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलला गेला. या देशात ज्युनियर डॉक्टरांच्या नेमणुका त्याच आठवड्यात बदलतात. त्याची साउथहॅम्प्टनची नेमणूक मुळात एकाच वर्षाची होती, आणि हे त्याने आमच्या घरी आल्या-आल्या पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी तेव्हा आत वडे तळत होते.